कधीही भरून न निघणारी पोकळी

आपल्याकडे ‘पोकळी’ हा शब्द दोनच ठिकाणी भेटतो. एक विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आणि दुसरा शोकसभेत. पाठ्यपुस्तकातल्या पोकळीला कोणी विचारत नाही, कारण ती दोन मार्कांना असते. शोकसभेतली मात्र मोठ्या मानाची. गावातला कुणीही इसम, मग तो हयातभर दुसऱ्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून पान खाण्यापलीकडे काही न करता का गेला असेना, जाताना मागे ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ ठेवून जातो. मी अहमदपूरला तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि, मास्तर म्हणजे भाषणाला फुकट मिळणारा माणूस अशी गावाची पक्की समजूत असल्यामुळे, तितकीच वर्षं शोकसभाही गाजवल्या. तेव्हा पोकळी ह्या विषयात दोन्ही अंगांनी माझा अधिकार मोठा, असं म्हणायला हरकत नाही. पण पोकळी भरून निघणं ही केवढी आपत्ती असते, हे मला ना पुस्तकाने शिकवलं, ना शोकसभेने. ते शिकवलं आमच्या दाजींच्या मोटारीने.

दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. मोंढ्यात त्यांची आडत. तूर, हरभरा, ज्वारी ह्यांच्या राशीत हात घालून नुसत्या दाण्यावरून शिवार ओळखणारा माणूस. पैशाच्या बाबतीत इतके काटेकोर, की आलेल्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू हिशेबाला वापरायची आणि तिचं पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवायचं. बुडाखाली एक जुनी स्कूटर, तीही उतार लागला की बंद करून सोडायची. अशा माणसाने १९९६ साली, दिवाळीच्या तोंडावर, हैदराबादेहून चक्क मर्सिडीज आणली, तेव्हा मोंढ्यात दोन दिवस सौद्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कुणी म्हणालं, वाड्याच्या भिंतीत हंडा सापडला. कुणी म्हणालं, तुरीने हात दिला. दाजींना विचारलं तर त्यांचं उत्तर एकच : “डिझेलवर चालती.” जणू डिझेलवर चालतं म्हणून उद्या माणूस विमानही घेईल!

मोटार १९८२ सालची होती. म्हणजे आमचा लातूर जिल्हा आणि ती एकाच वयाची; तोही १९८२ चाच. आमच्या गावाची गंमत अशी, की गाव जागचं हललं नाही, पण जिल्हे बदलत गेले. निजामाच्या राज्यात आम्ही बिदर जिल्ह्यात, १९५६ नंतर तेव्हाच्या उस्मानाबादेत आणि १९८२ पासून लातुरात. मोटारीचेही दाजींच्या आधी तीनच मालक झाले होते. तेव्हा ती आमच्या गावाला साजेशीच होती म्हणायची.

तिचं नाव २४०-डी. चार सिलिंडर, २.४ लिटरचं डिझेल इंजिन आणि घोडे फक्त ७२. मर्सिडीजच्या कारखान्याने १९७६ पासून दहा वर्षांत ह्या घराण्याच्या सुमारे २७ लाख गाड्या काढल्या, आणि जर्मनीत त्यातल्या पुष्कळशा टॅक्सी म्हणून धावत असत. ही शेवटची माहिती मी दाजींना एकदा दिली. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते.

पण सगळ्या मोंढ्याला वेड लावलं ते तिच्या गिअरने. गाडीला क्लच नाही! आमच्या पंचक्रोशीत ऑटोमॅटिक गिअर कुणी पाहिलेलाच नव्हता. डाव्या पायाला काम नाही ही कल्पनाच लोकांना अपशकुनी वाटे. दांड्याशेजारी पी, आर, एन, डी अशी अक्षरं होती. त्यांचा अर्थ मोंढ्यातल्या हमालांनी पहिल्याच दिवशी लावून टाकला : पी म्हणजे परभणी, आर म्हणजे रेणापूर, एन म्हणजे नांदेड आणि डी म्हणजे देगलूर. एस.टी.च्या पाटीसारखं दांडा फिरवायचा, की गाडी आपणहून त्या गावी जाते. दाजींनी हा गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न केला नाही. कारण महिन्यातून दोनदा ते खरोखरच नांदेडला जात आणि तिकडे जाताना अक्का मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसलेली असे.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. १९९७ च्या पावसाळ्यात मात्र मोटारीच्या अंगात आलं. आधी गिअर कधी बदलला हे कळत नसे. आता पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना पाठीत कुणीतरी गुडघा घातल्यासारखा धक्का बसू लागला. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, पुन्हा गुडघा. मग दुसरं लक्षण दिसलं. किल्ली फिरवून काढून घेतली तरी इंजिन बंद होईना. किल्ली खिशात, मालक गादीवर आणि मोटार दारात आपली ढकढक करत उभी. पाच-सात मिनिटांनी तिला स्वतःलाच कंटाळा आला की थांबायची. तिसरं लक्षण म्हणजे ड्रायव्हरच्या दाराला कुलूप लावलं की चारही दारं एकदम लागायची, ती लागेनात. आणि चौथं, जे दाजींनी कुणालाच सांगितलं नाही, ते असं की ब्रेकही जरा जड लागू लागला होता.

दाजी मोटार घेऊन एका मोठ्या शहरातल्या मोठ्या गॅरेजात गेले. गावाचं नाव सांगत नाही, गॅरेजचंही नाही. तिथे वातानुकूलित खोलीत बसवून, चहा पाजून त्यांच्या हातात तीन कागद दिले गेले. धक्क्यासाठी गिअरबॉक्स बदलायचा : ८५,००० रुपये. इंजिन बंद होत नाही म्हणून डिझेल पंप खोलायचा : त्याचे वेगळे. दारांसाठी कुलपं नवी : त्याचे आणखी वेगळे. दाजींनी चहाची किंमत मनातल्या मनात वजा करून बघितली आणि धक्के खात परत आले.

“मास्तर,” ते मला म्हणाले, “तुमी सायन्सवाले हाव ना? मंग सांगा, हिला एकाच टायमाला तीन रोग कसे काय झाले?”

हा प्रश्न मोठा मार्मिक होता. मोंढ्यात बसून दाजींनी एक गोष्ट ओळखली होती : एकाच आठवड्यात तीन गिऱ्हाइकं एकदम बिघडली, तर भांडण तिघांचं नसतं, मागून बोलणारा कुणीतरी एकच असतो. मी म्हणालो, आपण चाचांना बोलवू.

चाचांचं गॅरेज बसस्थानकाच्या मागे. गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड, त्याला टांगलेली चेनपुली आणि खाली काळीभोर झालेली जमीन. ट्रॅक्टर, मॅटॅडोर, जीप असल्या दणकट गिऱ्हाइकांवर हात बसलेला. पोरवयात ते हैदराबादेत एका उस्तादाकडे स्पॅनर पुसायला होते. त्यामुळे बोली अर्धी दखनी आणि अर्धी अहमदपुरी. इंग्रजी वाचता येत नव्हतं. मोटारीबरोबर झेरॉक्स केलेलं एक जाडजूड इंग्रजी दुरुस्तीचं पुस्तक आलं होतं. ते वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं आणि अशा रीतीने वाड्याच्या अंगणात शस्त्रक्रियेची तयारी झाली.

चाचांनी पहिला अर्धा तास मोटारीला हातच लावला नाही. नुसते प्रश्न. धक्का कधी बसतो, गाडी थंड असताना का गरम झाल्यावर? हळू चालवली तर जास्त का जोरात? दारं लावून निघालं तर फरक पडतो का? मग इंजिन सुरू करवलं, गरम होऊ दिलं आणि चालू इंजिनावरच गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढली. तेल लालभडक होतं. चाचांनी ते दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, “जली हुई बास नै आ री. मालक, गिअरबॉक्स को क्या भी नै हुआ. उनों पच्याऐंशी हजार किस बात के मांगे?”

आता इथे वाचकांना थोडं विज्ञान सोसावं लागेल. दोन मार्कांचं आहे, घाबरू नका.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला गिअर बदलताना आपले क्लच किती जोराने आवळायचे हे ठरवावं लागतं. गाडी भरलेली असेल, चढ असेल, ड्रायव्हरने पाय दाबलेला असेल, तर जोरात. रिकामी, सपाटीवर, पाय अलगद असेल तर हलक्या हाताने. पण बिचाऱ्याला डोळे नाहीत. त्याला कळावं कसं? ह्यावर अमेरिकेतल्या गाडीवाल्यांनी युक्ती काढली. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. पाय अलगद असला की झडप जवळजवळ मिटलेली, आणि इंजिन आत हवा ओढत असतं, त्यामुळे झडपेमागे पोकळी तयार होते. पाय दाबला की झडप उघडते आणि पोकळी जाते. तेव्हा इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत एक बारीक नळी टाका आणि तिच्या टोकाला रबरी पडदा असलेली एक डबी बसवा. पोकळी भरपूर असली की डबी समजते, काम हलकं आहे. पोकळी कमी झाली की समजते, काम भारी आहे, तेलाचा दाब वाढवा.

डिझेल इंजिनाला ही झडपच नसते. म्हणून जर्मनांनी इंजिनाच्या तोंडाशी खास पोकळी तयार करणारा पंप बसवला, आणि पाय दाबला की नळीतली पोकळी बेताने कमी करणारा एक छोटा व्हॉल्व्ह डिझेल पंपाशेजारी ठेवला. बरं, घरात एवढी पोकळी तयार होतेच आहे, तर ती वाया का घालवा? जर्मन माणूस दाजींपेक्षा काटकसरी. त्यांनी त्याच पंपावर ब्रेकची मदत लावली, किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद करण्याची कळ लावली आणि चारही दारांची कुलपंही लावली. एक कमावता आणि खाणारे चार. आपल्या एकत्र कुटुंबाचाच कारभार.

आणि एकत्र कुटुंबाचं जे होतं तेच इथे झालं. कुठेतरी कुणीतरी गुपचूप गळत होतं आणि झळ सगळ्यांना लागत होती. कारखान्याचा ह्यात काही दोष नाही. रबराला वय असतं. पंधरा वर्षं इंजिनाची ऊब खाल्ल्यावर कुणालाही चिरा पडतील.

हे सगळं मी पुस्तकातून वाचून दाजींना समजावलं. त्यांचा चेहरा कोराच. तेव्हा चाचा म्हणाले, “मालक, तुम्हारे हमाल को बोले, बोरा भरेला है. उसने पूरा जोर लगाके उठाया, और बोरा निकला खाली. क्या होएगा?”

“पडंल की उताणा,” दाजी म्हणाले.

“हौ. वोच झटका तुम्हारे को बैठ रा.”

तीस वर्षांच्या अध्यापनात इतकं स्वच्छ स्पष्टीकरण माझ्या ऐकण्यात आलेलं नाही. पोकळीत हवा शिरली, म्हणजे पोकळी कमी झाली. म्हणून गिअरबॉक्सला वाटतं की मोटार पोत्यांनी भरून घाट चढते आहे, आणि तो सगळ्या ताकदीनिशी क्लच आवळतो. मोटारीत असते एकटी अक्का.

चाचांना पोकळीची ओळख कुठली, हे मी विचारलं. ती निघाली जुन्या पेट्रोल जीपची. त्या जीपचा वायपर इंजिनाच्या पोकळीवर चाले. भर पावसात चढाला पाय दाबला की वायपर जागच्या जागी थांबे, आणि उताराला पाय सोडला की वेड्यासारखा नाचू लागे. म्हणजे जेव्हा दिसायला हवं तेव्हा काही दिसायचं नाही आणि नको तेव्हा काच लखलखीत. चाचा म्हणाले, “वायपर देखके मैं ड्रायव्हर का पांव पहचानता था.” उच्चशिक्षण म्हणतात ते ह्यालाच.

मग खरी तपासणी सुरू झाली. परदेशात ह्या कामासाठी हातात धरायचा काटेवाला पंप मिळतो असं पुस्तक सांगत होतं. चाचांकडे जीभ होती. अंगणात पोतं अंथरून ते मोटारीखाली शिरले आणि गिअरबॉक्सवरच्या डबीची नळी काढून आधी तिच्या तोंडात बघितलं. त्यात लाल तेल उतरलेलं असतं, तर डबीतला पडदा फाटला असं समजायचं. नळी कोरडी होती. मग डबीच्या तोंडाला एक तुकडा जोडून तो ओढला आणि पटकन जीभ लावली. नळी जिभेला चिकटून राहिली. चाचा मोटारीखाली जीभ बाहेर काढून निपचित पडलेले, दाजी घड्याळ लावून मिनिट मोजताहेत आणि मी पुस्तक उघडं धरून उभा. एवढ्यात अक्का बाहेर आली.

“काय करूलालाव रे तुमी समदे?” तिने विचारलं. “आन् चाचाला काय झालं?”

“पडदा शाबूत हाय,” दाजींनी जाहीर केलं.

अक्काने कपाळावर हात मारला आणि सुशीला करायला आत गेली. आमच्याकडे पुरुषमाणसं काहीतरी गहन करत असली, की बायका आत जाऊन मुरमुऱ्यांचा सुशीला करतात. त्यामुळे दोन्ही कामं तडीस जातात.

आता चाचांची खरी पद्धत सांगतो, कारण ती मला मोटारीबाहेरही उपयोगी पडली. त्यांनी नळ्या बदलायला सुरुवात केली नाही. बंद करायला केली. “एक एक बंद करो गुरुजी. जिसको बंद किये तो बीमारी गई, वोच चोर.” पंपापासून निघालेल्या जाड नळीवर बारीक नळ्यांचे फाटे होते, प्रत्येकावर रंगीत पट्टा. मी पुस्तकातून कुठला रंग कुठे जातो ते वाचायचं आणि चाचांनी तो फाटा मिटवायचा. मिटवायला माझ्या खिशातली शिसपेन्सिल कामी आली. तिचे तीन तुकडे झाले.

पहिल्यांदा दारांकडे जाणारी नळी बंद केली. किल्ली फिरवली, आणि इंजिन शहाण्या मुलासारखं तत्क्षणी गप्प झालं! दाजींनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. असं पाच वेळा. डिझेल पंप खोलायचा कागद त्यांनी खिशातून काढून तिथल्या तिथे फाडला. म्हणजे पुरता नाही. कोरी बाजू हिशेबाला राहील असा.

मग चक्कर मारली. धक्का निम्मा झाला होता, गेला नव्हता. म्हणजे चोर दोन होते. दुसरा अर्ध्या तासाने सापडला. डिझेल पंपाशेजारच्या व्हॉल्व्हवर एक रबरी कोपरा होता, करंगळीच्या पेराएवढा. सरळ बघितलं तर ठणठणीत. वाकवला की त्याच्या पोटात केसाएवढी चीर उघडायची. अहमदपुरात मर्सिडीजचा रबरी कोपरा कुठून मिळणार? दाजींनी पोराला औषधाच्या दुकानात पिटाळलं, सलाइनची नळी आणवली, आणि चाचांनी तिचा तुकडा कोमट पाण्यात बुडवून तिथे चढवला. पुन्हा चक्कर. ह्या खेपेला दाजी परत आले ते काही न बोलता. बशीतला सुशीला उचलला आणि खात राहिले. ही त्यांची परमानंदाची अवस्था.

राहिली दारं. त्यांच्या नळ्या गालिच्याखालून फिरत होत्या. सीट उचलून, गालिचा गुंडाळून तिथेही एकेक दार बंद करत गेलो. तीन दारं निर्दोष सुटली. मागच्या डाव्या दाराच्या आतला पडदा फाटलेला निघाला. ते अक्काचं दार.

आणि इथे मला मोंढ्यातल्या त्या जुन्या कोड्याचा उलगडा झाला. मी सीटखाली हात घालून पेन्सिलीचा तुकडा बसवत होतो. बाहेर दाजी हळू आवाजात चाचांशी बोलत होते. आत कुणी ऐकतं आहे ह्याचं त्यांना भान नव्हतं. “चाचा, पैसे गेले तर गेले, मी गिअरबॉक्स बी बदलतो. पण धक्का ऱ्हाता कामा नये. तिच्या मणक्यात गॅप हाय. एस.टी.त बसली की चार दिवस उठत नाही. नांदेडच्या डॉक्टरकडं महिन्यातून दोनदा न्यावं लागतंय. म्हणून तर ही हत्तीण आणली. हैदराबादेत सात गाड्यांत मागं बसून बघितलं मी. हिच्यात पाणी हालत नव्हतं गिलासातलं.”

अक्काच्या पाठीचं दुखणं आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मोटारीचा आणि त्या दुखण्याचा संबंध मात्र कुणीच लावला नव्हता, कारण दाजींनी वर्षभर ‘डिझेलवर चालती’ ह्यापलीकडे अक्षर काढलं नव्हतं. गावाने गुप्तधन म्हटलं तेही त्यांना चाललं. बायकोची पाठ दुखते म्हणून मोटार घेतली, असं मोंढ्यात सांगण्यापेक्षा भिंतीत हंडा सापडला म्हणणं सोपं. त्या पिढीचे नवरे असेच. आत सगळा कारभार कुठल्या तरी न दिसणाऱ्या बारीक नळीवर चाललेला असतो, आणि बाहेर नुसती ढकढक ऐकू येते.

मी मान वर केली तेव्हा अक्का सुशीलाची दुसरी बशी घेऊन ओसरीच्या पायरीवर उभी होती. तिनेही ऐकलं होतं. ती काही बोलली नाही. बशी दाजींच्या हातात देताना एवढंच म्हणाली, “लिंबू पिळलंय.”

संध्याकाळी तिने मला विचारलं, “का रे, ती पोकळी म्हणतुस ती एवढी ओढती कशी? तिच्यात तर काहीच नस्तंय.” मी तिला जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या ओटो फोन गेरिकेची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात त्याने तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवून आतली हवा काढून टाकली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. पोकळी ओढत नाही अक्का, मी म्हणालो, बाहेरची हवा ढकलत असते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. नुसत्या तळहातावर शंभर किलोचं पोतं. अक्काने तळहाताकडे बघितलं आणि म्हणाली, “हां. मंग बरोबर हाय. माणसाला बी बाहेरचंच ढकलतंय.” मला वाटतं, गेरिकेलाही हे पटलं असतं.

चाचांनी दिवसभराचे दीडशे रुपये घेतले. सलाइनची नळी बारा रुपये. पेन्सिल माझी. दाजींनी हिशेब लग्नपत्रिकेवर लिहिला आणि खाली ८५,००० मधून तो वजा करून ‘बचत’ असा शेरा मारला. दाराचा नवा पडदा मुंबईहून मागवता आला असता. दाजी म्हणाले, “चाललंय की. कशाला?” त्यामुळे बाकीची तीन दारं एका किल्लीत लागत, पण अक्काचं दार हातानेच लावावं लागे. अक्काला पाठीमुळे मागे वळता येत नसे. म्हणून नांदेडला निघताना दाजी आपल्या जागेवरून उतरायचे, मोटारीला वळसा घालून यायचे, अक्काचं लुगडं दारात अडकलं नाही ना ते बघायचे, दार लावायचे आणि त्याची खुंटी दाबायचे. पंचवीस वर्षांच्या संसारात हा मान अक्काला प्रथमच मिळत होता. मोंढा टकमक बघायचा. एका-दोघांच्या घरी त्यावरून वादही झाल्याचं मी ऐकलं.

गंमत म्हणजे दाजींनी मोटार घेतली त्याच १९९६ साली मर्सिडीजने विजेच्या इशाऱ्यावर चालणारा नवा पाच गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्यात पोकळी नाही, डबी नाही, नळी नाही. संगणकच सगळं ठरवतो. आता बिघाड झाला की लॅपटॉप जोडतात आणि पडद्यावर आकडा येतो. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण त्या आकड्याला जीभ लावता येत नाही, आणि शिसपेन्सिलीने तो बंदही करता येत नाही. चाचांची ‘एक एक बंद करो’ ही पद्धत मात्र मी शाळेत चालू ठेवली. वर्गात गोंधळ झाला की सगळ्या वर्गाला छड्या मारण्याऐवजी एकेकाला बाहेर पाठवायचं. चौथा-पाचवा गेला की वर्ग शांत. चोर सापडतोच, आणि बहुतेक वेळा तो ओरडणाऱ्यांपैकी नसतो.

२००४ साली दाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मुलाने नवी गाडी घेतली आणि मर्सिडीज विकायची ठरली. लातूरचा एक जुन्या मोटारींचा शौकीन तरुण ती न्यायला आला. दाजींनी त्याला सगळं समजावून सांगितलं : तेल कधी बघायचं, सलाइनची नळी कुठे आहे, तीन वर्षांनी ती कशी बदलायची. मोटार वाड्याच्या दारातून बाहेर पडली, वळणावर गिअर बदलला, आणि तो कधी बदलला हे कुणालाही कळलं नाही.

अक्का ओसरीवरून म्हणाली, “अवो, मागच्या डाव्या दाराचं सांगितलं का त्याला? तिथं जे माणूस बसंल त्याचं दार दुसऱ्यानं उतरून लावावं लागतंय म्हणून?”

“नाही सांगितलं,” दाजी म्हणाले. “त्याचं लगीन व्हायचंय अजून. झाल्यावर कळंल.”